वेवजीहून बर्कलीला, एका एररच्या मागोमाग

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. पाऊस नुकता थांबला आहे. कौलांवरून पागोळ्या गळताहेत आणि लावणी उरकलेल्या खाचरांतून बेडकांचा एकच गलका चालू आहे. सोळसुंब्याच्या अंगाला आभाळ पिवळसर दिसते, तो उजेड गुजरातचा. तुम्ही बसला आहात ती खोली महाराष्ट्रातली. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याचेही दोन भाग झाले. बरीच गावे पलीकडे गेली, जी अलीकडे राहिली त्यांचा पुढे तलासरी झाला. वेवजी त्या अलीकडच्या काठावर आहे.

मांडीवर लॅपटॉप आहे. आतल्या खोलीतून आईचा आवाज येतो, "झोपायचं नाही का आज?" तुम्ही "हो, झालंच," म्हणता आणि पडद्याकडे बघत राहता. झालेले काहीच नाही.

शेतातल्या माळ्यावर राखणीला बसणाऱ्या बाबांसाठी तुम्हाला दिवा करायचा आहे. पत्र्यावर सौरपॅनेल, खाली १२ व्होल्टची बॅटरी. पॅनेलकडून साधारण १८ व्होल्ट मिळतात आणि ते बॅटरीला जपून द्यायला हवेत. त्यासाठी एक पी-चॅनेल मॉस्फेट, १०० मायक्रोहेन्रीची कॉइल, एक डायोड, आणि मॉस्फेटच्या गेटला दर २० मायक्रोसेकंदांनी चालू-बंद करणारा पल्स. तो पल्स गेटपर्यंत एका कपॅसिटरमधून पोचवायचा. सामान आणायला पैसे लागतात, म्हणून आधी हे सगळे एनजीस्पाइस या सर्किट चालवून पाहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवून पाहायचे. नेटलिस्ट तुम्ही हाताने लिहिली आहे: एका ओळीत एक भाग, त्याची टोके कोणत्या नोडला, म्हणजे जोडबिंदूला, जोडली ते, आणि किंमत. पहिल्या ओळीत घाईघाईने 'टेस्ट' एवढेच लिहिले आहे. प्रोग्रॅम चालवला आणि उत्तर आले: सिंग्युलर मॅट्रिक्स, गेट हा नोड तपासा.

या ठिकाणी बहुतेक जण नेटलिस्ट पुसून कुणाची तरी तयार फाइल आणतात. मी पाहिलेल्या कितीतरी प्रयोगवह्यांत अशा उसन्या आलेखांच्या प्रिंट चिकटवलेल्या आहेत. खाली सही आहे, गुण आहेत, आणि सर्किट कुणालाच कळलेले नाही. तुम्ही मात्र ती ओळ पुन्हा वाचा. प्रत्येक एररला एक साल असते, एक जागा असते. तिथपर्यंत गेल्याशिवाय ती सुटत नाही. चला.

आधी बरेच मागे, १८४५ मध्ये. प्रशियातले क्योनिग्सबर्ग. गुस्ताव किरखोफ नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी कागदावर तारांचे जाळे काढतो आहे. त्याच्या खांद्यावरून वाकून बघा. जिथे तारा मिळतात त्या बिंदूत जेवढा विद्युतप्रवाह शिरतो तेवढाच बाहेर पडतो, हा त्याचा नियम. मॉस्फेट त्याने पाहिलेला नाही, पण तुम्ही तुमच्या गेटचा बिंदू त्याच्या कागदावर काढून दाखवा. एकीकडून कपॅसिटर येतो, आणि स्थिर विद्युतदाबाला कपॅसिटर म्हणजे तुटलेली तार. दुसरीकडे मॉस्फेटचे गेट, ते तर ऑक्साइडच्या थराने वेगळे ठेवलेले. आत काही येत नाही, बाहेर काही जात नाही. या बिंदूचे समीकरण होते शून्य बरोबर शून्य. गेटवर ५ व्होल्ट धरा की ५ हजार, ते खरेच राहते. समीकरणांच्या कोष्टकातली एक आख्खी ओळ शून्यांनी भरते आणि भागाकार करायला गेले की खाली शून्य येते. सिंग्युलर म्हणजे एवढेच: तुम्ही प्रश्न विचारला, पण उत्तर ठरवायला पुरेशी माहिती दिली नाही.

विद्युतदाब नेहमी दोन बिंदूंमधला असतो. म्हणून सर्किटमध्ये एका बिंदूला आपण ग्राउंड म्हणतो, शून्य क्रमांक देतो आणि बाकी सगळे त्याच्यापासून मोजतो. सीमेवरच्या गावातल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. दगड कुठे रोवला आहे ते आधी ठरल्याशिवाय कोणतीच मोजणी सुरू होत नाही. तुमच्या गेटपासून त्या दगडापर्यंत वाटच नव्हती.

परत वेवजीत. उपाय सोपा आहे. गेट आणि सोर्स यांच्यामध्ये एक मोठा रेझिस्टर टाकायचा, १ मेगओहमचा. तुम्ही किमतीच्या जागी १ लिहिता आणि त्यापुढे मोठा एम. प्रोग्रॅम चालवता. एरर गेली! आलेख उमटतो.

आलेखात बॅटरीकडे जाणारा प्रवाह शून्य आहे. सरळ, आडवी, स्वच्छ रेघ. पडद्यावर तक्रारीचा एक शब्दही नाही.

यातली दुसरी चूक पहिलीपेक्षा फार वाईट. पहिली निदान ओरडली होती. ही मुकाट्याने खोटे उत्तर देऊन बसली आहे, आणि अशा वेळी माणूस कॉइल बदलतो, पल्स बदलतो, मॉस्फेट बदलतो, रात्र घालवतो. तुम्ही वेगळे करा. प्रत्येक नोडचा दाब एकेक करून काढून पाहा. सोर्स १८ व्होल्ट. गेट १८ व्होल्ट. पल्स खाली-वर होतो आहे आणि गेट जागचे हलत नाही. कुणीतरी गेट आणि सोर्स एकमेकांना तारेने बांधून ठेवावेत तसे. आणि त्या दोघांमध्ये आहे फक्त तुमचा नवा रेझिस्टर.

आता जिथे जायचे आहे तिथे जरा थांबायला लागेल.

१९७०च्या आसपासचे बर्कली, कॅलिफोर्निया विद्यापीठ. तुम्ही एका खोलीत उभे आहात आणि कानांवर खडखडाट आदळतो आहे. ओळीने मांडलेली यंत्रे, प्रत्येकापुढे एक विद्यार्थी. कळ दाबली की जाड पुठ्ठ्यासारख्या कार्डाला भोक पडते. एका कार्डावर ८० खाने, म्हणजे एक ओळ. सर्किटमधला एक भाग म्हणजे एक कार्ड. तुमची आजची सतरा-अठरा ओळींची नेटलिस्ट इथे रबरबँड लावलेला पत्त्यांचा जोड झाली असती, आणि तिला इथे 'डेक' म्हणजे पत्त्यांचा जोडच म्हणतात. मॉस्फेटचे गुणधर्म लिहितात ते 'मॉडेल कार्ड'. अर्ध्या शतकानंतर, एकही कार्ड उरले नसताना, तुमच्या लॅपटॉपवरच्या मॅन्युअलमध्ये हेच शब्द आहेत.

जोड खिडकीतून आत द्यायचा. आत सीडीसी ६४०० हे यंत्र आहे. याच कंपनीचे ३६०० हे यंत्र १९६४पासून मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चालू आहे, तेव्हा हा खडखडाट मुंबईलाही अनोळखी नाही. मग वाट बघायची. बाहेर येतो घड्या घातलेला लांबच लांब कागद. आलेखसुद्धा त्यावरच, एकाखाली एक छापलेल्या ताऱ्यांचा. कागद कुणाचा हे कसे ओळखायचे? जोडातल्या पहिल्या कार्डावरून. त्यावर फक्त शीर्षक असते. यंत्र ते वाचून वर छापते आणि त्याचा सर्किटशी काही संबंध आहे असे मानत नाही. ज्याने शीर्षकाऐवजी पहिल्याच कार्डावर रेझिस्टर लिहिला, त्याचा तो रेझिस्टर नाहीसा झाला. आजही होतो.

आता त्या छापील कागदावरची अक्षरे नीट बघा. सगळी मोठी. या यंत्राला छोट्या लिपीची अक्षरेच माहीत नाहीत. त्यामुळे मिलीसाठी छोटा एम आणि मेगासाठी मोठा एम हा फरक करायला जागाच नव्हती. निर्णय असा झाला की एम म्हणजे मिली, एक हजारांश. दशलक्ष हवे असतील तर एम, ई, जी अशी तीन अक्षरे लिहायची: मेग. पुढे यंत्रे बदलली, छोटी अक्षरे आली, पण जुन्या फाइली चालायला हव्यात म्हणून नियम राहिला. तुम्ही वेवजीत मोठा एम लिहिलात आणि तुमच्या प्रोग्रॅमने तो या खोलीतल्या कार्डासारखा वाचला. तुमचा १ मेगओहम झाला १ मिलिओहम. गेट आणि सोर्स यांच्यामध्ये तुम्ही खरोखरच तार बांधली होती.

लगेच परत फिरू नका. या इमारतीत आणखी एक गोष्ट घडते आहे आणि तिच्याशिवाय तुमच्या मांडीवर आज काहीच नसते.

१९६९-७० च्या सत्रात रॉन रोहरर यांनी वर्गाला सांगितले आहे की या विषयाला नेहमीसारखा अभ्यासक्रम नाही, सगळ्यांनी मिळून सर्किट चालवून पाहणारा प्रोग्रॅम लिहायचा. परीक्षक डॉन पेडरसन. त्यांना प्रोग्रॅम पसंत पडला तर सगळे पास. लॉरेन्स नेगल याच वर्गात आहे. पुढे त्यानेच ही आठवण सांगितली. प्रोग्रॅमचे नाव पडले 'कॅन्सर'. आद्याक्षरांचा जो शब्द होतो त्यातली शेवटची दोन अक्षरे 'किरणोत्सर्ग वगळून' असे सांगतात. हे मुद्दाम. त्या काळचे बरेचसे असे प्रोग्रॅम अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर लिहिले जात आणि अणुकिरणांचा मारा झाल्यास सर्किटचे काय होईल हे काढून देणे त्यांना भाग असे. या वर्गाने नावातच सांगून टाकले की ते काम आमचे नाही. त्याच सुमाराला, २८ ऑक्टोबर १९६९ रोजी, वेवजीच्या दक्षिणेला याच किनाऱ्यावर तारापूरचे अणुवीज केंद्र व्यावसायिकरीत्या सुरू झाले. अणूचे दोन अगदी वेगळे उपयोग जगापुढे होते, आणि या वर्गातल्या मुलांनी आपली बाजू निवडली होती.

रोहरर बर्कलीहून गेल्यावर नेगल पेडरसन यांच्याकडे आला. पेडरसन यांची अट एकच: प्रोग्रॅम असा नव्याने लिहायचा की त्याच्यावर कुणाची मालकी राहता कामा नये, तो सर्वांना खुला असला पाहिजे. त्यातून स्पाइस झाला. १२ एप्रिल १९७३ रोजी पेडरसन यांनी कॅनडात वॉटर्लू इथल्या परिषदेत तो मांडला. १९७५ मध्ये नेगलच्या प्रबंधातून दुसरी आवृत्ती आली. १९८९ मध्ये थॉमस क्वार्ल्स यांची सी भाषेत लिहिलेली तिसरी. तुमचा एनजीस्पाइस त्या तिसऱ्या आवृत्तीच्या पोटातून आला आहे. मागेल त्याला मूळ प्रोग्रॅमची टेप नाममात्र खर्चात मिळत असे. माझ्या मते अभियांत्रिकीच्या इतिहासात याहून मोठे दान थोडीच असतील. चिप बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कंपनीने पुढे यातून काही ना काही घेतले, आणि तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरही तो एक रुपया न देता पोचला.

परत या. पागोळ्या थांबल्या आहेत. तुम्ही एमच्या जागी मेग लिहिता, प्रोग्रॅम पुन्हा चालवता. गेट आता डोलते आहे, प्रवाह वर चढतो आहे, आणि मध्येच सगळे अडकते. पडद्यावर येते: टाइमस्टेप टू स्मॉल. काळाचे पाऊल फार लहान झाले. खाली वेळ दिली आहे, १० मायक्रोसेकंदांच्या किंचित पुढची.

यावेळी वर्षे ओलांडायची नाहीत. सर्किटच्या स्वतःच्या काळात उतरायचे आहे.

उतरलात. पहिले १० मायक्रोसेकंद मॉस्फेट चालू आहे. कॉइलच्या एका टोकाला १८ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला बॅटरीचे १२. मधल्या ६ व्होल्टनी तिच्यातला प्रवाह एका रेषेत वाढतो आहे आणि दहाव्या मायक्रोसेकंदाला तो ०.६ अँपिअरवर पोचला आहे. प्रोग्रॅम काळ सलग चालवत नाही, पावले टाकतो. समजा पाऊल २०० नॅनोसेकंदांचे आहे. पाऊल टाकले की नव्या क्षणी प्रत्येक नोडवर किती दाब असेल याचा अंदाज करायचा, समीकरणात घालायचा, चूक किती ते पाहून अंदाज सुधारायचा, असे पुन्हा पुन्हा. ही युक्ती न्यूटनची, आणि १६९० साली जोसेफ रॅफसनने ती जास्त सुटसुटीत करून छापली. तिला तीनशे वर्षे उलटून गेली तरी तिच्यावाचून आज एकही चिप बनत नाही. दहा प्रयत्नांत अंदाज जुळला नाही तर मात्र प्रोग्रॅम एक विलक्षण गोष्ट करतो. तो काळात मागे येतो. टाकलेले पाऊल रद्द, आधीच्या क्षणावर परत, आणि आता आठपट लहान पाऊल.

तुम्हीही त्याच्याबरोबर मागे येता. २०० नॅनोसेकंद जमले नाही, २५ घेऊ. मॉस्फेट बंद होतो आहे. २५ जमले नाही, ३ घेऊ. तेही नाही. पुन्हा मागे. पुन्हा आठवा हिस्सा. असे बारा-तेरा वेळा, आणि तुम्ही अशा जागी येऊन पोचता जिथे पाऊल मूळच्या शंभर अब्जाव्या भागाइतके उरले आहे. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा एक नॅनोमीटर पुढे जात नाही. त्याच्या खाली जायची प्रोग्रॅमला परवानगी नाही. तो थांबतो आणि तुम्हाला निरोप देतो.

या गोठलेल्या क्षणी आजूबाजूला बघा. कॉइलमध्ये ०.६ अँपिअर वाहताहेत. कॉइलचा स्वभाव बैलगाडीसारखा, एकदा चालू लागली की जागच्या जागी थांबत नाही. मागून येणारा रस्ता तर मॉस्फेटने बंद केला. अशा वेळी प्रवाहाला वळसा घालून येण्यासाठी डायोड असतो. तो कुठे आहे? तुम्ही त्याची ओळ शोधता. त्याचे एक टोक ग्राउंडला आहे, दुसरे मॉस्फेट आणि कॉइल जुळतात त्या स्विचच्या नोडला असायला हवे होते. नोडच्या नावात एक अक्षर जास्त पडले आहे. प्रोग्रॅमच्या दृष्टीने तो निराळाच नोड, आणि डायोड त्याला एकटाच लटकतो आहे. कॉइलच्या प्रवाहाला जायला जागा नाही, म्हणून नोडचा दाब शेकडो, हजारो, लाखो व्होल्टनी उणे दिशेला धावतो आहे आणि न्यूटनची युक्ती त्याच्या मागे धावून दमली आहे.

ही एरर गणितातली नव्हती. हे सर्किट असेच सोल्डर केले असते तर मॉस्फेट जळू शकला असता. प्रोग्रॅमने तुमचा मॉस्फेट वाचवला.

अशा वेळी घेतली जाणारी एक पळवाट आहे. रेलटोल नावाची एक मर्यादा असते: अंदाज किती जुळला म्हणजे पुरे, ते ती ठरवते. मुळात ती ०.००१ असते. ती दहापट, शंभरपट ढिली केली की बऱ्याचदा एरर निघून जाते आणि आलेख येतो. तसा आलेला आलेख मी खरा मानत नाही, तुम्हीही मानू नका. कधी कधी अडचण खरोखर आकड्यांची असते हेही खरे. डायोडचे सूत्र घातांकी आहे, दर ६० मिलिव्होल्टला त्याचा प्रवाह सुमारे दहापट होतो. पहिल्या अंदाजात डायोडवर चुकून पॅनेलचे १८ व्होल्ट पडले तर सूत्रातून येणाऱ्या अँपिअरच्या आकड्यात पावणेतीनशेहून जास्त शून्ये असतात. म्हणून एका वेळी दाब किती उडी मारू शकतो त्यावर प्रोग्रॅममध्येच लगाम घातलेले आहेत, आणि अशा लगामांच्या पद्धती नेगलच्या प्रबंधात तपासलेल्या सापडतात. पण आधी जोडणी बघा. नावे बघा. डायोडची दिशा बघा. लगामाला हात लावायची पाळी त्यानंतर.

अक्षर खोडले. प्रोग्रॅम चालला, शेवटपर्यंत. कॉइलचा प्रवाह करवतीच्या दातांसारखा चढतो, उतरतो, क्षणभर शून्यावर विसावतो आणि पुन्हा चढतो. पॅनेलकडून घेतलेली आणि बॅटरीत पोचलेली शक्ती तुम्ही ताडून पाहता. जवळजवळ सगळी पोचते. मॉस्फेटमध्ये आणि कॉइलमध्ये वाया जाणे म्हणून काही दिसतच नाही.

आनंद व्हायला हवा. पण तीन चुकांनंतर तुमचे कान तयार झाले आहेत, आणि ते म्हणतात, हे फार चांगले आहे.

शेवटचा प्रवास जवळचा. २००२, पवई. वेवजी तेव्हा ठाणे जिल्ह्यात आहे, पालघर जिल्हा व्हायला अजून बारा वर्षे आहेत. आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात प्रा. महेश पाटील यांच्या 'सिक्वेल' या प्रोग्रॅमबद्दलचा शोधनिबंध याच वर्षी प्रसिद्ध झाला आहे. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची सर्किटे चालवून पाहण्यासाठी सर्वांना खुला असा हा प्रोग्रॅम, आणि निबंध छापणारे नियतकालिक अभियांत्रिकीच्या शिक्षणाला वाहिलेले. सिक्वेल हाही आद्याक्षरांचा शब्द. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग शेवटचा आहे: वापरणाऱ्याने स्वतः ठरवलेले घटक. मॉस्फेट, मोटर, बॅटरी, काहीही असो, त्याचे समीकरण तुम्ही लिहायचे आणि प्रोग्रॅमने ते सोडवायचे.

इथे उभे राहून आपल्या मॉस्फेटकडे बघा. तुम्ही त्याची ओळ लिहिताना मॉडेलचा प्रकार सांगितला नाही, म्हणून त्याला पहिली पायरी मिळाली. ती १९६८ची, शिचमन आणि हॉजेस यांनी दिलेली. शिकायला ती उत्तम आहे, हाताने सोडवता येते. पण ऑक्साइडची जाडी सांगितली नाही तर ती गेटचा कपॅसिटन्स शून्य धरते. मग गेट भरायला वेळ लागत नाही, मॉस्फेट अर्धवट उघडा असा कधी राहतच नाही, आणि चालू-बंद होताना जी उष्णता निर्माण होते ती सर्किटातून गायब होते. शिवाय ते मॉडेल चिपच्या पृष्ठभागावर आडव्या वाहणाऱ्या प्रवाहाचे आहे. तुमच्या दिव्यातल्या मॉस्फेटमध्ये प्रवाह वरून खाली, उभा वाहतो. कॉइललाही तुम्ही तारेचा रोध दिलेला नाही. प्रोग्रॅमने खोटे काही सांगितले नाही. जो मॉस्फेट तुम्ही त्याला वर्णन करून सांगितला तो जगात कुठे विकत मिळत नाही, एवढेच.

मॉडेल बनवणे म्हणजे यातले काय धरायचे आणि काय सोडायचे हे माहीत असून सोडणे. सोडलेल्या गोष्टींची यादी ज्याला सांगता येत नाही त्याने सिम्युलेशन केले असे मला म्हणवत नाही. हे शिकवणारी माणसे आपल्या राज्यात, आपल्या आवाक्यात आहेत. पाटील सरांची बेसिक इलेक्ट्रॉनिक्सवरची व्याख्याने एनपीटीईएलवर मोफत आहेत. आयआयटी मुंबईतल्याच फॉसी प्रकल्पाने एनजीस्पाइस आणि सर्किटची चित्रे काढणारा किकॅड एकत्र बांधून ईसिम हे साधन केले, त्याचे आधीचे नाव ऑस्कॅड. त्यात सर्किट चित्रासारखे काढता येते आणि नेटलिस्ट आपोआप तयार होते. प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभ्या केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मोफत सॉफ्टवेअरचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. पेडरसन यांनी टेपबरोबर जे दिले त्याची पुढची कडी पवईत गुंफलेली आहे.

परत वेवजी. एनजीस्पाइसमध्ये उभ्या मॉस्फेटसाठी वेगळे मॉडेल आहे. तुम्ही ते निवडता, कंपनीच्या डेटाशीटमधले आकडे एकेक करून भरता: गेटचा कपॅसिटन्स, चालू असतानाचा रोध. कॉइलला तिचा रोध देता. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालवून पाहता. आता चालू-बंद होताना मॉस्फेटवर उष्णतेचे टोकदार सुळके दिसतात. बॅटरीत पोचणारी शक्ती थोडी घटली आहे. आलेख आधीपेक्षा कुरूप आहे, आणि आजच्या रात्रीतला विश्वास ठेवावा असा हा पहिलाच.

बाहेर कोंबडा आरवायला अजून अवकाश आहे. उद्या सामान आणायला जाल, ब्रेडबोर्डवर मांडाल, मल्टिमीटर लावाल. मल्टिमीटरचा आकडा आणि हा आलेख जुळणार नाहीत. किती जुळत नाहीत ते वहीत लिहून ठेवा, कारण पुढचा प्रवास तिथूनच सुरू होणार आहे.

झोपण्यापूर्वी एक काम राहिले आहे. नेटलिस्टच्या पहिल्या ओळीत अजून 'टेस्ट' आहे. ती ओळ प्रोग्रॅम सोडवत नाही, नुसती वर छापतो, कागद कुणाचा हे माणसाला कळावे म्हणून. 'टेस्ट' पुसा आणि तिथे लिहा: माळ्यावरचा दिवा, वेवजी, तालुका तलासरी.